सही नंतर, आधी कप मोजा

दिवाळी झाली आणि भाचा तासगावहून आला तो हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तकच घेऊन. चहाची फ्रँचायझी, म्हणजे नाव कंपनीचं आणि दुकान आपण चालवायचं. पुस्तकात पिवळे दिवे, मातीचे कप आणि हसणारी कॉलेजची पोरं. "मामा, फी तीन लाख. बाकी सगळं कंपनी बघते. दिवसाला आठशे कप जातात म्हणाले." दाजींनी कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा विकून पैसे बाजूला ठेवले होते, आणि पोराला टोकन भरायची घाई झाली होती. त्याच्याबरोबर पुढचे दोन महिने मी जे काही केलं, ते क्रमानं लिहितोय. सांगली-मिरजेत पहिल्यांदाच दुकान टाकणाऱ्याला, मग ते फ्रँचायझीचं असो की स्वतःच्या नावाचं, उपयोगी पडेल.

हे सांगायचा मला अधिकार आहे, कारण 2017 साली मीही असंच एक पुस्तक बघून रसाचं दुकान टाकलं होतं. "तुमच्या भागात दुसरं आउटलेट देणार नाही" हे मला तोंडी सांगितलं होतं. करारात त्याचा पत्ता नव्हता. आठव्या महिन्यात माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर त्याच नावाचा दुसरा बोर्ड लागला. चौदाव्या महिन्यात मी शटर ओढलं. फर्निचर विकायला काढलं तर घेणारा म्हणाला, "यावर त्यांचं नाव कोरलंय, मला जळणाला पण चालायचं नाही."

पहिलं काम: मोजणी

कंपनीचे आकडे बाजूला ठेवा आणि स्वतःची वही घ्या. महिन्याला तुम्ही एक कपही विकला नाही तरी जाणारा खर्च आधी लिहा. भाच्यानं सांगलीत विश्रामबागेत कॉलेजच्या रस्त्याला बघितलेल्या गाळ्याचा हिशेब असा होता: भाडं 15,000, दोन कामगार 24,000, लाईट 3,500, कंपनीला नावाबद्दल द्यायची रॉयल्टी 5,000 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 5,900, किरकोळ 2,600. बेरीज 51,000. फी आणि सजावटीसाठी पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं, 11 टक्के, त्याचा हप्ता साधारण 10,900. एकूण 61,900.

आता एका कपाला खर्च किती? हे घरी गॅसवर करून बघितलं. बहिणीनं पातेलं चढवलं, भाच्यानं मापाचा कप घेतला. एक लिटर दूध, अर्धा लिटर पाणी, आणि आटून कटिंगचे वीस कप निघाले. दूध 60 रुपयांचं, म्हणजे कपाला 3 रुपये. चहा पावडर, साखर, आलं, गॅस आणि कागदी कप धरून पावणेपाच रुपये झाले. दहाला विकला तर सव्वापाच सुटतात. पण फ्रँचायझीत पावडर, मसाला आणि छापील कप कंपनीकडूनच घ्यायचे आणि तेही त्यांच्या दरानं. तिथं खर्च सहावर गेला, सुटले चार.

61,900 भागिले चार, भागिले तीस दिवस. रोज 516 कप. हे फक्त नुकसान होऊ नये म्हणून, भाच्याचा स्वतःचा एक रुपया पगार न धरता. शिवाय सुरुवातीच्या तीन लाख फीवरही 18 टक्के जीएसटी, म्हणजे 54,000. पुस्तकात ते चांदणीची खूण करून बारीक अक्षरात होतं.

मग आम्ही कोपऱ्यावर उभे राहिलो. त्या रस्त्याला एक जुनी चांगली चालणारी टपरी आहे. समोरच्या बाजूला गाडी लावून, हातात वही, दर कपाला एक काडी, पाचवी काडी आडवी. बुधवारी सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ मिळून 310 कप झाले. रविवारी 120. टपरीवाल्यानं दुसऱ्या दिवशी ओळखलं आणि हाक मारली, "पावणं, मोजताय काय? या, चहा घ्या, तो पण धरा." तो धरला. सहा दिवस 310 आणि एक दिवस 120 धरले तर सरासरी रोज 283. वीस वर्षं त्याच कोपऱ्यावर असलेल्या माणसाचे 283, आणि आम्हाला शून्यावर यायला 516.

इथंच पुस्तक मिटलं. पण भाच्याचं डोकं सुरू होतं, ते बरं झालं. "मग आपल्याच नावानं टाकतो." तोही हिशेब मांडला: छोटा गाळा 9,000, एक कामगार 12,000, लाईट आणि किरकोळ 5,000, दोन लाखांच्या कर्जाचा हप्ता 4,350. एकूण 30,350, सव्वापाचनं भागलं तर रोज 193 कप. ऐकायला बरं वाटतं. पण त्या टपरीचे 283 कप आमचे नव्हेत. अर्धी गिऱ्हाइकं ओढली असं धरलं तरी 141. शिवाय कॉलेजचा रस्ता एप्रिलपासून जूनपर्यंत ओस पडतो, आणि दिवाळीत पुन्हा. भाडं मात्र बाराही महिने द्यायचं.

शेवटी आम्ही मिरजेत गेलो. दवाखान्यांच्या रस्त्याला रविवार नसतो आणि उन्हाळ्याची सुट्टीही नसते. कर्नाटकातून आलेले पेशंटचे नातेवाईक पहाटे पाचपासून बाहेर उभे असतात, आणि त्यांना नुसता चहा नको असतो, पोटाला काहीतरी हवं असतं. तिथं सात दिवस काड्या मारल्या. चहाचे 150 कप आणि पोहे-उप्पीट मिळून 60 प्लेट धरले. प्लेटला बारा रुपये सुटतात. रोजचे 1,507, महिन्याचे 45,225. तिथला गाळा महाग, 14,000 रुपये, म्हणून खर्च 35,350. हातात 9,875. कामगाराला बारा हजार आणि मालकाला पावणेदहा. दाजी हे ऐकून गप्प झाले. पण निदान आकडा खरा होता, आणि पहिल्या वर्षाला घरात दुसरं उत्पन्न आहे म्हणून तो झेपणार होता. ज्यांच्या घरात ते नाही त्यांनी सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय यात उतरू नये.

तरीही फ्रँचायझीच घ्यायची असेल तर

सगळ्या फ्रँचायझी वाईट नसतात. नाव खरोखर ओढणारं असेल, म्हणजे गिऱ्हाईक ते नाव विचारत येत असेल, तर फी वसूल होते. नवीन चहाच्या नावांना तेवढी ओढ अजून नसते, हे माझं मत. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. कंपनीनं तुम्हाला किती दुकानं बंद पडली हे सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. सगळं 1872 च्या करार कायद्यावर चालतं, म्हणजे जे करारात लिहिलं तेच खरं.

म्हणून आधी त्यांचं नाव ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा. शोध फुकट असतो. खाण्यापिण्याची सेवा वर्ग 43 मध्ये येते, चहा-कॉफीचा माल वर्ग 30 मध्ये. नोंदणी झालीय की नुसता अर्ज पडलाय, की कोणी हरकत घेतलीय, ते तिथं दिसतं. नोंदणीच नसलेल्या नावाचे तीन लाख कशाला द्यायचे? कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती कधी स्थापन झाली तेही बघा. दोन वर्षांची कंपनी "दहा वर्षांचा अनुभव" सांगत असेल तर काय ते समजून घ्या.

मग त्यांची तीन दुकानं गाठा. त्यांनी दाखवलेली नकोत, तुम्ही निवडलेली. आणि एक बंद पडलेलं दुकान शोधा. शेजारच्या पानवाल्याला विचारलं की मालकाचा नंबर मिळतो. बंद केलेला माणूस पाच मिनिटांत जेवढं सांगतो तेवढं चालू असलेला तासभरात सांगत नाही.

करार वाचताना हे शोधा: तुमचं क्षेत्र किती किलोमीटर आणि ते लेखी आहे का, रॉयल्टी ठरीव की विक्रीवर टक्का, मालाचे दर कंपनी कधीही वाढवू शकते का, मध्येच बंद केलं तर डिपॉझिट परत मिळतं का, आणि वाद झाला तर कोर्ट कुठलं. "न्यायक्षेत्र" पुढं लांबचं शहर असेल तर प्रत्येक तारखेला रेल्वेचं तिकीट धरा. सांगलीतल्या वकिलाला दोन-तीन हजार देऊन करार वाचून घ्या. मी 2017 ला हेच पैसे वाचवले होते.

टोकन कोणाच्या वैयक्तिक खात्यावर भरायचं नाही. मोठ्या नावांच्या बनावट संकेतस्थळांवरून लोकांना गंडवायचे प्रकार नेहमीचे आहेत. अमूलच्या नावानं तर इतके झाले की त्यांना स्वतःच लोकांना सावध करावं लागलं.

गाळा

सांगलीत गाळा बघताना बाहेरगावच्या माणसाला न सुचणारा एक प्रश्न विचारायचा: पाणी कुठपर्यंत आलं होतं? कृष्णेला 2005, 2019 आणि 2021 ला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. मालक म्हणेल, "कधीतरी येतं हो." त्याला विचारूच नका. शेजारच्या दुकानदाराला म्हणा, भिंतीवर रेघ दाखवा. भाच्यानं गावभागाजवळ एक स्वस्त गाळा बघितला होता. शेजारच्या कापडवाल्यानं बोट वर केलं ते पंख्याच्या खाली वीतभर. भाडं स्वस्त का होतं ते कळलं.

तिथंच गाळा घ्यायचा झाला तर माळा करा, फ्रीज आणि मिक्सर दोन माणसांना उचलता येतील असे घ्या, आणि विमा काढा. लहान धंद्यासाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची ठरावीक पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्या विकतात. तिच्यात आगीबरोबर पूरही धरलेला आहे. एजंटाला नाव घेऊन मागा, नाहीतर तो तुम्हाला दुसरंच काहीतरी देईल. मालाचं बिल आणि दुकानातल्या वस्तूंचे फोटो मोबाईलशिवाय दुसरीकडेही ठेवा.

भाडेकरार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही" हे चुकीचं. मिरजेच्या मालकानंही हेच सुरू केलं, तेव्हा दाजी म्हणाले, "साहेब, आमचं पोरगं फर्निचर करणार, तुम्ही बाराव्या महिन्यात जा म्हणालात तर?" शेवटी तीन वर्षांचा झाला, वर्षाला पाच टक्के वाढ. नोंदलेला करार पुढं बँकेला आणि परवान्यांनाही लागतो. सही करण्याआधी महावितरणचं मागचं बिल आणि घरपट्टीची पावती बघा. मीटर घरगुती असेल तर तो वाणिज्य करून घ्या, आणि जुनी थकबाकी तुमच्या गळ्यात पडू देऊ नका.

कागद

लोक इथं सगळ्यात जास्त घाबरतात आणि एजंट इथंच सगळ्यात जास्त कमावतात. खरं तर बरंचसं घरबसल्या होतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर, सरकारी संकेतस्थळावर, फुकट. दोन हजार मागणारा कोणी भेटला तर हसून निघा. दुकानाची नोंद म्हणाल तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे एक-दोनच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आहे. बोर्ड मराठीत हवा, देवनागरीत, सुरुवातीला, आणि दुसऱ्या लिपीची अक्षरं त्याहून मोठी नकोत. 2022 पासून हे लहान दुकानांनाही लागू आहे. फ्रँचायझीवाले इंग्रजी बोर्ड बनवून पाठवतात आणि दंड तुम्ही भरता, हे करार करतानाच बोलून घ्या.

खाण्याचं काहीही असलं तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी किंवा परवाना लागतो, कोणता ते उलाढालीवर ठरतं. त्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर अर्ज होतो. मिळालेला चौदा अंकी क्रमांक दुकानात लावायचा आणि बिलावर छापायचा. पाकिटात भडंग, फरसाण असं काही विकणार असाल तर त्यावर वजन, किंमत, बनवल्याची तारीख आणि पत्ता हवा. तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का वेळच्या वेळी घ्यायचा.

जीएसटीबद्दल खूप गोंधळ असतो. माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवेला 20 लाखांपर्यंत. खानावळ, चहा, नाष्टा हे सेवेत धरतात, म्हणून आपल्याला 20 लाख. भाच्याचा हिशेब बघा: 150 कप दहानं, 60 प्लेट पंचवीसनं, रोजचे तीन हजार, वर्षाला अकरा लाखांच्या आत. नोंदणीची गरज नाही. पण ही मर्यादा उलाढालीवर आहे, नफ्यावर नव्हे, आणि आता यूपीआयमुळे उलाढाल सगळ्यांना दिसते. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हा तिथल्या कित्येकांनी क्यूआरचे फलक काढून ठेवले. ते करू नका, वही ठेवा. उलाढाल मर्यादेवर गेली तर खानावळीला कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरीव टक्का भरायच्या सोप्या पद्धतीत, पाच टक्के बसतात, पण ते गिऱ्हाइकाकडून वेगळे मागता येत नाहीत. आयकरात अनुमानित नफ्याची सोय आहे: रोख विक्रीवर आठ टक्के आणि बँकेतून आलेल्यावर सहा टक्के नफा धरून विवरण भरता येतं. म्हणजे क्यूआर उलट फायद्याचाच.

गॅस 19 किलोची व्यावसायिक टाकी. घरची 14.2 किलोची दुकानात सापडली तर टाकीही जाते आणि अब्रूही. चौदा वर्षांखालचं पोरगं कप धुवायला ठेवायचं नाही, मग ते "भावकीतलंच आहे, शाळा सुटल्यावर येतं" असलं तरी. व्यवसाय कराची नोंद करून वर्षाला 2,500 भरायचे, हे बहुतेकजण विसरतात आणि पुढं दंडासकट भरतात.

पैसे

आधी स्वतःचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा अहवाल, बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. भाच्याचा एक जुना मोबाईलचा हप्ता थकला होता, अठराशे रुपये. तो भरून सुधारायला दीड महिना गेला.

लहान कर्जाला मुद्रा ही सरकारी योजना: शिशू 50,000 पर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत. तारण लागत नाही, पण बँकेच्या व्यवस्थापकाला पटवावं लागतं. आणि इथं काड्यांची वही कामाला आली. त्यांनी प्रकल्प अहवाल बाजूला ठेवला आणि वहीच चाळली. "रविवारी पण गेला होतात?" एवढंच विचारलं.

अनुदानाची कर्जं हवी असतील तर विश्रामबागेतल्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती आणि पंतप्रधान रोजगार निर्मिती या योजनांत प्रवर्ग आणि शहर-ग्रामीण बघून प्रकल्पाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळत आलंय. एक गोष्ट लक्षात ठेवा: हे नवीन धंद्याला असतं. आधी दुकान उघडून मग अर्ज केलात तर बसत नाही. आणि पंतप्रधान योजनेत अनुदान हातात येत नाही, ते तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं. अटी बदलत असतात, तेव्हा केंद्रात गेल्यावर चालू शासन निर्णयाची प्रत मागा. एजंट "अनुदान मीच काढून देतो, दहा टक्के द्या" म्हणतील. अर्ज ऑनलाइन आहे.

पाहुण्यांकडून उसने घ्यायचे तर कागदावर लिहून घ्या. खासगी सावकाराकडं जाऊच नका.

पहिले तीन महिने

भाच्यानं गुढीपाडव्याला दुकान उघडलं. दाजींनी मांडव, बँड असा बेत केला होता. मी म्हटलं ते पैसे सहाव्या महिन्याच्या भाड्याला ठेवा. दोन हार आणि पेढे झाले, बस्स.

दुकानाचं खातं वेगळं, घराचं वेगळं. गल्ल्यातून घरची भाजी आणायची नाही, पगार म्हणून महिन्याला ठरीव रक्कम घ्यायची. रोज रात्री तीन ओळी लिहायच्या: किती विकलं, किती खर्च, किती माल उरला. उधारी पहिल्या दिवसापासून बंद. दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांना मात्र महिन्याचं खातं द्यावंच लागतं, नाहीतर ते शेजारी जातात. भाच्यानं त्याला मर्यादा घातली, माणशी पाचशे, आणि पाच तारखेला वसुली.

दुसऱ्या आठवड्यात दूध उरायला लागलं. बघितलं तर दुपारी बारा ते चार गिऱ्हाईकच नव्हतं आणि पातेलं मात्र चढलेलं. आता त्या वेळात तो अर्धा लिटरच चढवतो आणि उप्पिटाचा रवा भाजून ठेवतो. महिन्याला साधारण तीन हजार वाचतात, म्हणजे दिवसाला साधारण वीस कप जास्त विकल्यासारखं. परवा फोन आला, "मामा, कालचे 168 कप. आणि समोर नवीन फ्रँचायझीचं दुकान येतंय, रंगकाम सुरू झालंय."

मी विचारलं, मोजायला त्यांच्याकडचं कोणी आलं होतं का?

"नाही बा. आलं असतं तर चहा दिला असता."